कोठ्यातली मारुती 800 असेटो कोर्सात घातली, चार महिने खेळून लिहितो

गेम जुना आहे हे आधीच सांगतो. असेटो कोर्सा, गाड्या शर्यतीत चालवायचा कॉम्प्युटर गेम, इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनी कंपनीचा, पीसीवर पूर्ण स्वरूपात डिसेंबर 2014 मध्ये आला. लोक तो फेरारी, लोटस, बीएमडब्ल्यू चालवायला घेतात, मी घेतला आमच्या कोठ्यात उभ्या असलेल्या मारुती 800 साठी. पऱ्हाटीचा शेवटचा वेचा आटोपला तेव्हा बसवला, आता पेरणीची तयारी चालू आहे, म्हणजे चार महिने रोज रात्री जेवण झालं की दोन-दोन तास हेच. एवढ्या दिवसांनंतर सांगतो, घरची साधी गाडी गेममध्ये जशीच्या तशी उभी करायची असेल आणि मग तिला ट्यून करायची असेल, तर हाच गेम घ्या, डोळे झाकून घ्या.

गाडी म्हणजे 2004 चं मॉडेल, पांढरी, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवाली, चार गिअरची. बाबांनी सेकंडहँड घेतली होती, कापसाच्या चुकाऱ्यातून. हिंगणघाटच्या मार्केटात, दवाखान्यात, लग्नात, वावरात सगळीकडं गेली ती. पांदण रस्त्यानं, काळ्या मातीतून, पावसाळ्यातसुद्धा, जिथं मोठ्या गाड्या रुतून बसत तिथून ही हलकी म्हणून निघून जाई. 800 ची पहिली गाडी डिसेंबर 1983 ला गिऱ्हाइकाच्या हातात गेली आणि जानेवारी 2014 ला कंपनीनं बनवणं बंद केलं, तीस वर्षांत पंचवीस लाखांच्या वर गाड्या विकल्या. असेटो कोर्सा आला त्याच वर्षी ही गाडी बंद झाली, हे मला लिहिताना लक्षात आलं.

आणि ही गाडी रेसिंगला नवी नाही हो. फॉर्म्युला मारुती नावाच्या छोट्या एका सीटच्या रेसिंग गाड्या होत्या, त्यात इंजिन 800 चंच असायचं. नारायण कार्तिकेयन, जो 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, त्यानं सुरुवात श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर याच फॉर्म्युला मारुतीत केली. म्हणजे हे 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मी उगाच ट्रॅकवर नेऊन नाही राहिलो, ते आधीच जाऊन आलेलं आहे.

दुसरे गेम मी खेळलो आहे, मित्राकडं. फोर्झा होरायझन 5 मस्त आहे, ग्रान टुरिस्मो 7 पण मस्त, त्यात तर सुझुकीची कॅपुचिनो आहे, स्विफ्ट स्पोर्ट आहे. पण तिथली ट्यूनिंग म्हणजे दुकान. गेममधले पैसे घ्या, टर्बो घ्या, वजन कमी करायचा पार्ट घ्या, पॉइंट वाढतात, गाडी वरच्या क्लासमध्ये जाते. मजा येते, नाही म्हणत नाही. पण तिथं गाडी कंपनीनं दिलेलीच, आपण फक्त वरून सामान लावायचं. असेटो कोर्सात गाडी म्हणजे एक फोल्डर आहे आणि त्याच्या आत डेटा नावाचं दुसरं फोल्डर, आणि त्यात साध्या नोटपॅडनं उघडणाऱ्या फाइली. एकीत वजन, एकीत इंजिनचा टॉर्क, एकीत सस्पेन्शन, एकीत टायर, एकीत गिअर, एकीत ब्रेक. फाइलमधला आकडा बदला, सेव्ह करा, गेम लावा, गाडी बदललेली असते. हे मला समजलं त्या रात्री झोपच नाही लागली, कारण आकडे काढायला लागणारी गाडी तर माझ्या दारातच उभी होती.

आधी मी गेममधली अबार्थ 500 एसेएसे पाहिली, 160 बीएचपीची, फियाट 500 वरून केलेली. आकारानं आपल्या गाडीच्या त्यातल्या त्यात जवळची तीच. कोणत्या फाइलमध्ये काय लिहितात ते तिच्यावरून शिकलो. नंतर तिचे आकडे एकेक करून काढले आणि आपले घातले. गाडीचं थ्रीडी अंग माझ्या मामेभावानं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, तो नागपूरला शिकते, टेपनं मापं घेऊन मी पाठवली आणि त्यानं एका महिन्यात उभं करून दिलं. लांबी 3335 मिलिमीटर, रुंदी 1440, दोन ॲक्सलमधलं अंतर 2175. हे कंपनीचे आकडे आणि टेप लावल्यावर तेच निघाले, पाच मिलिमीटरचाही फरक नाही. पुढचा बंपर सोडून, तो एकदा बैलबंडीला घासला होता.

आता वजन. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

कंपनीचं वजन कागदावर असते, पण कागदावर गाडी पुढं किती जड आणि मागं किती हे नसते, आणि गेमला तेच पाहिजे. सस्पेन्शनच्या फाइलमध्ये पहिल्या दोन-चार ओळींतच तो आकडा आहे, एकूण वजनाचा किती हिस्सा पुढच्या चाकांवर. तो चुकला का पुढचं सगळं चुकलं. मग आठवलं, जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, गाड्या मोजायचा काटा आहे. कापसाच्या गाड्या भरून जातात, आधी भरलेली मोजतात मग खाली, फरक म्हणजे कापूस. तिथं आपली गाडी काहून नाही मोजता येणार.

सीझन संपत आला होता, गर्दी नव्हती, सकाळीच गेलो. काट्यावरचे काका म्हणाले, "काहून गा, भंगारात देऊन राहिला काय?" म्हटलं नाही काका, फक्त मोजायची आहे, आणि पूर्ण मोजून झाली की मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवीन, मग नुसती मागची. ते दोन मिनिटं पाहत राहिले आणि मग स्वतःच बाहेर येऊन हातानं खुणा करून राहिले, घे, अजून घे, बस. काटा जमिनीच्या बरोबरीत पाहिजे हे लक्षात ठेवा, चढावर असलेल्या काट्यावर एक ॲक्सल वर एक खाली झाला की वजन मागं सरकते आणि आकडा खोटा येते. आमचा जमिनीत बसवलेला होता.

खाली गाडी 660 किलो. पुढची चाकं 400, मागची 260. मग मी आत बसलो आणि परत, कारण गेमच्या फाइलमध्ये जे एकूण वजन लिहायचं ते ड्रायव्हरसकट पण पेट्रोलशिवाय. मी बसल्यावर पूर्ण 730, पुढं 430, मागं 290. बेरीज करा, 720 येते. दहा किलो कुठं गेले? कुठंच नाही गेले, तो काटा ट्रकसाठीचा, दहा किलोच्या खालचं दाखवतच नाही, प्रत्येक वेळी जवळच्या दहावर बसते. म्हणून तीन वेळा मोजलं. टाकीत अर्धं पेट्रोल, 14 लिटर धरा, म्हणजे दहा-साडेदहा किलो, ते वजा केलं. फाइलमध्ये एकूण 720 आणि पुढचा हिस्सा 0.595 लिहिला. काकांनी पावत्या दिल्या, गाडीचा नंबर, तारीख, वेळ टाकून, जशा कापसाच्या गाडीला देतात तशाच. त्या पावत्या कॉम्प्युटरच्या मागं भिंतीला लावून आहेत.

स्प्रिंगचं पण असंच. गेमला पाहिजे की चाकावर अमुक न्यूटन जोर आला तर गाडी किती मीटर दबते. मागच्या बाजूसाठी युरियाची दोन पोती घेतली. आधी 50 किलोचं यायचं, आता 45 चं येते, हे विसरलात तर आकडा चुकेल. मागची सीट काढली आणि पोती बरोबर ॲक्सलच्या वर ठेवली, मागं डिकीत नाही, डिकीत ठेवली तर पुढची बाजू उचलते. माप घेताना चाकाच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत घ्यायचं, जमिनीपासून नाही, कारण जमिनीपासून घेतलं तर टायरचं दबणंही त्यात येते. डावीकडं 31 मिलिमीटर दबली, उजवीकडं 33. 90 किलो म्हणजे 883 न्यूटन, एका चाकाला 441, भागिले 0.032, आले 13,800 च्या आसपास. हा आकडा फाइलमध्ये टाकला आणि गेममध्ये गाडी पहिल्यांदा स्पीड ब्रेकरसारख्या उंचवट्यावरून नेली तेव्हा मागच्या बाजूनं जो हिसका बसला तो मी ओळखला. अगदी तोच. आमच्या गावाच्या कमानीपाशी बसते तो.

पुढचं मोजणं कठीण आहे, बॉनेटवर पोतं ठेवलं का पत्रा दबते. मी गाडी पुढून दाबून सोडली आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला, सेकंदाला साधारण दीड हेलकावा, त्यावरून हिशेब काढला. तेवढा पक्का नाही पण जवळ आहे.

गिअरचं माप काढायला आमच्या मिस्त्रींनी युक्ती सांगितली. तिन्ही प्लग काढायचे म्हणजे इंजिन हलकं फिरते, पुढचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर, गाडी गिअरमध्ये टाकायची. पुलीवर खडूची खूण, चाकावर खडूची खूण. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यानं डिफरन्शियलमुळं उचललेलं चाक दुप्पट फिरते, म्हणून चाकाचे दोन फेरे म्हणजे हिशेबात एक. पुली पान्यानं फिरवत गेलो आणि मिस्त्री चाक मोजत गेले. हिशेबातल्या एका फेऱ्याला पुलीचे फेरे पहिल्या गिअरला साडेपंधराच्या थोडं वर, चौथ्याला चारच्या थोडं आत. यावरून पडताळा पण होते: 145 रुंदीचा, 70 चा, 12 इंची टायर, एका फेऱ्यात साधारण 1.6 मीटर जाते, मग 100 च्या स्पीडला चौथ्यात इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर फिरलं पाहिजे. गेममध्ये 100 ला इंजिनच्या फेऱ्यांचा काटा कुठं आहे पाहिलं. चार हजारांवरच होता. मिस्त्रींना बोलावून दाखवलं, ते काहीच बोलले नाही, खुर्ची ओढून बसले आणि तासभर उठले नाही.

इंजिनचं मात्र कागदावरून घ्यावं लागते. 37 बीएचपी 5000 आरपीएमला, 59 न्यूटन मीटर 2500 ला. इथं नवीन लोक चुकतात, मीही चुकलो होतो. या गेममध्ये गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये जो जोर वाया जाते तो वेगळा धरत नाही, फाइलमध्ये जे लिहिलं ते थेट चाकापर्यंत पोचते. म्हणून 59 लिहायचं नाही, तेरा टक्के कमी करून 51 लिहायचं, आणि 5000 वर 46. तेवढं करूनही गेममधली गाडी थोडी जास्तच पळून राहिली होती. मग रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 30 ते 60 चा वेळ घेतला, बाजूला भाऊ बसून मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड पाहत होता, कारण मीटर खोटं बोलते, आमचं मीटर 60 दाखवते तेव्हा खरी 56 असते. त्यावरून अजून पाच टक्के कमी केले. वीस वर्षांचं इंजिन आहे, तेवढं थकलं असणारच.

टायर सगळ्यात अवघड. त्या फाइलमध्ये इतके आकडे आहेत की मी सगळे समजलो असं म्हणणार नाही. अबार्थचा साधा रस्त्याचा टायर घेतला, रुंदी 145 केली आणि पकड ब्रेकच्या टेस्टवरून बसवली. पहाटे, गावाबाहेर रस्ता दोन्हीकडून मोकळा पाहून, कबड्डीच्या मैदानाला मारतात त्या फक्कीनं डांबरावर रेघ मारली, खऱ्या 60 नं येऊन रेघेवर ब्रेक, मग टेप लावला. चार वेळा केलं, 20 मीटर, 19, 21, 20. गेममध्ये पकड कमी करत करत 20 वर आणली. हे करताना बाजूला कोणी नको, रस्त्यावर ढोर नको, हे सांगायची गरज नाही.

आता गाडी कशी चालते ते.

पहिल्यांदा माजोनेवर नेली. इटलीतला पेरूजियाजवळचा अडीच किलोमीटरचा छोटा ट्रॅक आहे, मूळ गेमसोबतच येते, आणि कमी ताकदीच्या गाडीसाठी याच्यासारखी दुसरी जागा नाही, मोन्झासारख्या ट्रॅकवर 37 बीएचपी घेऊन गेलात तर सरळ रस्त्यावर जेवण होईल तुमचं. पहिला लॅप 1 मिनिट 58 सेकंद. वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी नाक बाहेरच जाऊन राहिलं, अंग डाव्या-उजव्या बाजूला पार झुकून, पुढचा बाहेरचा टायर रडत. सत्तावन्न-साठ टक्के वजन पुढं, ओढणारी चाकंही पुढचीच, वळणारीही तीच, मग दुसरं काय होणार. खऱ्या गाडीतही हेच होते, आपण फक्त इतक्या स्पीडनं वळत नाही म्हणून कळत नाही.

इथून खरी ट्यूनिंग सुरू झाली आणि इथं गेमनं मला जिंकलं. सेटअपची एक फाइल आहे, तिच्यात तुम्हीच ठरवता की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाजूच्या दुरुस्तीच्या जागी, उभं असताना काय काय फिरवता आलं पाहिजे आणि किती क्लिक. मी स्प्रिंग, कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल), टो (वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत की बाहेर), हवा, मागचा अँटीरोल बार (गाडी झुकू न देणारी दांडी) आणि शेवटचा, सगळ्या गिअरना लागणारा रेशो एवढं उघडं ठेवलं. टर्बो नाही, रुंद टायर नाही, इंजिनला हात नाही. 37 च राहू द्यायचे असं ठरवलं होतं. गावातल्या पोट्ट्यांनी लय सांगितलं की हायाबुसा बाइकचं इंजिन टाक, फाइलमध्ये काय, दोन आकडे बदलले की झालं. नाही टाकलं. मग ती आपली गाडी कुठं राहते.

हवेपासून सुरुवात केली. हलक्या गाडीचा टायर गरमच होत नाही, म्हणून मोठ्या गाडीत जसं थंड असताना कमी हवा ठेवतात आणि गरम झाल्यावर ती वाढते असं धरून चालतात, ते इथं चालत नाही, थंड असतानाच हवी त्याच्या जवळ ठेवावी लागते. पुढं 29, मागं 32. आम्ही रस्त्यावर 26 ठेवतो. एक सेकंद तिथंच कमी झाला. मग पुढचा कॅम्बर. या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट, गाडी झुकली की त्याच्यात चाकही बाहेरच्या बाजूला कलते आणि टायरची नुसती बाहेरची कड रस्त्याला लागते, म्हणून उभं असतानाच चाकाचा वरचा भाग आत झुकवून ठेवायचा, अडीच डिग्री ठेवला. स्टिअरिंगमध्ये जीव आला.

पण गाडी खरी बदलली मागून. सगळ्यांना वाटते नाक जात नाही तर नाकावर काम करा. उलटं आहे. मागचा बार कडक केला, मागची स्प्रिंग थोडी कडक केली, मागच्या टोला एकदम हलका बाहेरचा कोन दिला. आता वळणात आतलं मागचं चाक हवेत उचलते, पूर्ण वीत-दीड वीत, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलला की मागची बाजू स्वतःहून बाहेर सरकते आणि नाक आत येते. ब्रेक मारायचीच गरज राहत नाही. माजोनेवर मी आता फक्त दोन जागी ब्रेक मारतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आई आतून म्हणाली काय झालं रे. काय सांगणार, 800 नं शेपूट फिरवली.

शेवटी गिअर. मूळ रेशोत तिसरा 95 च्या आसपास संपते, चौथा टाकला की इंजिन चार हजारांच्या खाली पडते आणि तिथं त्याच्यात दमच नाही, पॉवर तर पाच हजारांवर आहे. शेवटचा रेशो 4.9 केला, म्हणजे चौथ्यात 105 ला इंजिन 4800 वर राहते, बरोबर जिथं पाहिजे तिथं. एवढं सगळं करून 1 मिनिट 53.2. पावणेपाच सेकंद, इंजिनला पाना न लावता.

आणि दुसरी जागा सांगतो, त्रेंतो-बोन्दोने. 17 किलोमीटरचा घाट, खालून वर, आल्प्सच्या बाजूचा. आमच्याकडं सगळं सपाट, घाट म्हटला की चिखलदरा. लहानपणी आम्ही पाच जण याच गाडीत चिखलदऱ्याला गेलो होतो, एसी बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये, आजी पुढच्या सीटवर डोळे मिटून. मी फाइलमध्ये चार माणसांचं वजन वाढवलं, पुढचा हिस्सा कमी केला आणि बोन्दोने चढलो. हेअरपिनवरून बाहेर निघताना दुसऱ्यात ॲक्सिलरेटर पार खाली दाबून धरलेला आणि गाडी हळूहळू, हळूहळू स्पीड घेते, पुढचं वळण येईपर्यंत तिसरा टाकू की नको हा विचार. ते तसंच होतं. आजी आता नाही. मी तो घाट पूर्ण चढलो आणि गेम बंद केला, त्या दिवशी दुसरं काही चालवलं नाही.

गेममध्ये काय नाही तेही सांगायला पाहिजे. मूळ गेममध्ये पाऊस नाही, रात्र नाही. लोकांनी केलेला कस्टम शेडर्स पॅच आणि त्याच्यासोबतचे मॉड, म्हणजे बाहेरून घालायच्या जोडफाइली, टाकल्या की दोन्ही येते, पण ते स्वतः बसवावं लागते आणि जुन्या कॉम्प्युटरला जड जाते. मूळ गेममधलं हवेचं तापमान आमच्या मे महिन्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळं डांबर वितळून टायर चिकटते ती गोष्ट यात नाही. मेनू जुना वाटते, त्यासाठी कंटेंट मॅनेजर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर बहुतेक सगळेच वापरतात, तुम्हीही तेच घ्या. चिखल नाही. आमची गाडी ज्या गोष्टीत पक्की होती तीच यात नाही, हे मला लागते. आवाजाचं काम एफमॉड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करावं लागते, मी कोठ्यात मोबाइल ठेवून रेकॉर्ड केला पण तीन सिलिंडरची ती खास फडफड अजून नीट नाही उतरली.

गेम एकदा डाउनलोड झाला की एकटं खेळायला नेट लागत नाही, गेम जिथून घेतात ते स्टीम ऑफलाइन चालते, खेड्यात हे फार महत्त्वाचं. लाइन मात्र लागते. लाइन गेली की सेव्ह न केलेली फाइल गेली, दोनदा गेली माझी, आता इन्व्हर्टरवर लावला आहे. कॉम्प्युटर माझा आठ वर्षं जुना, साधं ग्राफिक कार्ड, बिना पॅचचा गेम त्यावर मस्त पळते. स्टिअरिंग सेकंडहँड घेतलं, विकणाऱ्यानं ब्रेकचा पेडल उड्या मारते हे सांगितलं नव्हतं, उघडून आतला पोटेन्शिओमीटर स्प्रेनं साफ केल्यावर सुधारलं. सेकंडहँड घ्याल तर पेडल लावून पाहूनच पैसे द्या. नुसत्या कंट्रोलरवरही खेळता येते पण मागची बाजू सरकते ते हाताला कळत नाही, आणि या गाडीत सगळी मजा त्यातच आहे.

याच कंपनीचा कॉम्पेटिझिओने नावाचा दुसरा गेम आहे, त्यात फक्त जीटी रेसिंगच्या गाड्या, आपली गाडी घालायची सोय नाही. नवा असेटो कोर्सा इव्हो जानेवारी 2025 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला आला. घरची गाडी घालायची तर आज जुनाच घ्या, सेल लागतो तेव्हा घ्या.

सगळं झाल्यावर बाबांना बसवलं. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. स्टिअरिंग धरलं, डावा हात आपोआप गिअरवर गेला, सपाट मोकळ्या ट्रॅकवर मूळ सेटअपची गाडी दिली, ट्यून केलेली नाही. पहिला, दुसरा, तिसरा. काहीच बोलेनात. मग एका वळणाआधी ब्रेक मारला आणि म्हणाले, "ही आपली नोहे."

म्हटलं काहून?

"आपली ब्रेक मारला का डावीकडं ओढते. ही सरळच थांबून राहिली."

खरं आहे. वर्षानुवर्षं ओढते, आम्ही सगळे नकळत उजवीकडं स्टिअरिंग धरून ब्रेक मारतो. मी वजन मोजलं, स्प्रिंग मोजली, पुलीचे फेरे मोजले आणि हे विसरलो. फाइल उघडली तर ब्रेकच्या फाइलमध्ये पुढं किती मागं किती एवढंच लिहिता येते, डावं-उजवं वेगळं करता येत नाही. पण पिटमधल्या सेटअपमध्ये प्रत्येक चाकाची हवा आणि टो वेगळा आहे. पुढच्या डाव्या चाकाची हवा 20 केली, टो दोन क्लिक बाहेर. हे बरोबर तसं नाही, ही आता ब्रेक नसतानाही थोडी डावीकडं जाते, खरी फक्त ब्रेकवर जाते. बाबांना परत बसवलं. दोन मिनिटांत त्यांचा हात स्टिअरिंगवर उजवीकडं टेकला, मार्केटच्या रस्त्यावर टेकतो तसाच, आणि ते अर्धा तास चालवत राहिले.

तो सेटअप मी 'बाबा' नावानं वेगळा सेव्ह केला आहे. माजोनेवर तो मूळ सेटअपपेक्षा दीड सेकंद हळू आहे.